वामेरांची तिवई

"टिपणीस, तो बघ राजा!" पेम्बर्टन साहेब लॉरीतून उतरता उतरता म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची हॅट काढली.

मी पाहिलं. डोंगरावरच्या सपाटीत एका थोराड उंबराखाली पन्नास-साठ माणसं गवतावर बसली होती. त्यांच्या मधोमध काळ्या लाकडाच्या बुटक्या तिवईवर एकच माणूस बसलेला. वय तिशीचं, अंगानं किरकोळ, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकलेले. त्याच्यासमोर एक बाई हात नाचवत तावातावानं बोलत होती आणि तो मान खाली घालून ऐकत होता. शेजारी खुंट्याला एक पांढरी बकरी बांधलेली होती.

"प्रजा दाद मागते आहे आणि राजा निमूट ऐकतो आहे," साहेब हळूच म्हणाले. "आमच्या पार्लमेंटात इतकी शिस्त नसते."

ही एकोणीसशे अडतीस सालची गोष्ट. पूर्व आफ्रिकेत, टांगानिकातल्या एका आडबाजूच्या जिल्ह्यात मी तिथले जिल्हाधिकारी पेम्बर्टन साहेब यांच्या कचेरीत हंगामी कारकून होतो. सरकारचं धोरण असं होतं की प्रत्येक जमातीवर तिच्याच राजामार्फत राज्य करायचं. धोरण उत्तम, फक्त त्याला राजा लागतो. जिल्ह्यातल्या बाकी जमातींनी आपापले राजे काढून दिले होते. राहिले होते ते डोंगरातले वामेरा. तीन वर्षं साहेब त्यांना विचारत होते आणि तीन वर्षं वामेरा सांगत होते की आमच्यात राजा नसतो, सगळे बसतो आणि बोलतो. त्यावर साहेबांनी फायलीत शेरा मारला होता : 'राजाविषयी बोलण्यास भिडस्त.'

आमच्याबरोबर जुमा नावाचा दुभाषा होता. तो समुद्रकाठचा. डोंगरातली बोली त्याला निम्मी कळायची आणि उरलेली निम्मी कळत नाही हे तो मेला तरी कबूल करत नसे.

"विचार, हा यांचा राजा ना?" साहेब म्हणाले.

जुमानं काहीतरी विचारलं. मग पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं अंगावरची घोंगडी तोंडाशी धरली आणि त्याचे खांदे गदगदा हलायला लागले.

"भरून आलं बिचाऱ्याला," साहेब म्हणाले.

तिवईवरचा माणूस अर्धवट उठला, पुन्हा बसला आणि रडवेल्या आवाजात भराभर बोलायला लागला.

"काय म्हणतो?"

"साहेब, बकरीबद्दल म्हणतो आहे काहीतरी," जुमा म्हणाला.

"नजराणा! नाही म्हणू नका. राजाचा अपमान होईल."

तेव्हा बकरी लॉरीत चढवण्यात आली. ती चढवताना मघाची बाई इतकी ओरडली, की साहेबांनी तिच्याकडे बघून हात उंचावला आणि तिचे आभार मानले. राजालाही आम्ही तिवईसकट लॉरीत घेतलं. तो अजिबात खळखळ न करता चढला, याचं मला जरा नवल वाटलं होतं. राजाचं नाव लुकिंडो. बाईचं नाव तातू. आणि बकरी, खोटं कशाला सांगू, फारच कोवळी निघाली. मोठा वाटा साहेबांच्या बंगल्यावर गेला, एक मांडी माझ्याकडे आली. आम्ही कायस्थ प्रभू, मटणापुढे चौकशा करत नाही.

आठवड्यानं लुकिंडो लाल डगला, गोंड्याची टोपी आणि चांदीच्या मुठीची काठी घेऊन डोंगरावर परतला. परतताना लॉरीच्या टपावर त्याची तिवईसुद्धा होती. साहेबांनी तिचं चित्र काढून घेतलं होतं आणि ते वामेरांच्या सरकारी शिक्क्यावर कायमचं कोरलं गेलं.

राजा मिळाला, तसा प्रांतावरून दुसरा कागद आला. राजाची वंशावळ पाठवावी, किमान दहा पिढ्यांची, दहा दिवसांत.

साहेबांनी लुकिंडोला विचारलं. त्याला बाप ठाऊक होता. आज्याच्या नावाबद्दल तो जरा साशंक होता. त्यापलीकडे तो नुसता हसला.

"टिपणीस," साहेब म्हणाले, "तीन पिढ्यांत राजघराणं बसत नाही. तू डोंगरात जा, म्हाताऱ्यांशी बोल. काम नीट झालं तर तुला कायम करायचं मी लिहीन."

आता कायम होण्याचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा. कायम झालेल्या कारकुनाला कुटुंब आणता येत असे. मथुरा महाडला माझ्या आईच्या हाताखाली दोन वर्षं पोळ्या लाटत होती आणि तिच्या पत्रांतला मजकूर दर खेपेला आखडत चालला होता. शेवटच्या पत्रात तर तिनं फक्त 'येथील सर्व क्षेम' एवढंच लिहून खाली सही केली होती.

शिवाय आमचं घराणं टिपणिसांचं. सात पिढ्या आम्ही दुसऱ्यांच्या पूर्वजांचे पराक्रम लिहीत आलो. माझ्या पणज्यानं एका इनामदाराला असा काही पूर्वज लिहून दिला होता, की पुढं त्या इनामदारानं त्याचं श्राद्ध घालायला सुरुवात केली. असल्या माणसाला वंशावळ लिहायला सांगून डोंगर चढायला लावणं म्हणजे सुताराला लाकूड देऊन झाड पेरायला सांगण्यासारखं होतं. मी गेलोच नाही. खोलीचं दार लावलं, टाइपरायटर पुढं ओढला आणि आठ दिवसांत चौदा पिढ्या खाली उतरवल्या.

लिहिताना मला भानच राहिलं नाही. पहिला राजा उत्तरेकडून आला. (राजे नेहमी उत्तरेकडूनच येतात.) तिसऱ्यानं सख्ख्या भावाचे डोळे काढले. पाचव्यानं कोट बांधला. सातव्या पिढीला नावं संपली तेव्हा महाडची आमची आळी कामाला आली. आमच्या शेजारचे दमेकरी बापूकाका वामेरांचे सेनापती झाले आणि त्यांनी तीन लढाया मारल्या. चौथ्या राजाला मी घोड्यासकट दरीपार उडवला होता, तिथं साहेबांनी समासात पेन्सिलीनं विचारलं : 'इथल्या विषारी माशीच्या चाव्यापुढं घोडा जगतो?' मी घोड्याचं गाढव केलं. उडी तशीच ठेवली.

आणि सहाव्या राजाच्या प्रकरणात, एक वाक्य कानाला गोड वाटलं म्हणून मी घालून दिलं. 'या महाराजांनी उलेंगेचे खोरे जिंकून रयतेस आपली मर्जी असेतोवर कसण्यास दिले.' आमच्याकडच्या सनदांत असली वाक्यं पैशाला पासरी सापडतात. माझा हात ओघात चालला होता. उलेंगेच्या खोऱ्यात दोनशे घरं आहेत, केळीच्या बागा आहेत आणि त्या तातूचंही घर तिथंच आहे, हे मला तेव्हा माहीतसुद्धा नव्हतं.

मी कायम झालो. मथुरा आली.

*

पहिली दोन वर्षं लुकिंडो राजा व्हायला तयार नव्हता. कचेरीत यायचा, माझ्या टेबलापाशी उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, "ब्वाना करानी, मला घरी जाऊ द्या. माझी शिक्षा संपली नाही का अजून?" ब्वाना करानी म्हणजे कारकूनसाहेब. मी समजायचो, राज्यकारभाराला कंटाळला.

एक गोष्ट मात्र त्यानं कधी केली नाही. तो त्या तिवईवर पुन्हा बसला नाही. सरकारी समारंभाला तिवई मधोमध मांडलेली असायची आणि हा बांधकाम खात्याकडून मागून आणलेल्या खुर्चीवर बसायचा. पूर्वजांच्या आसनाविषयी केवढा हा आदर, म्हणून पेम्बर्टन साहेबांनी त्यावर एक लेखही लिहिला. एकदाच प्रांतसाहेबांनी आग्रह करून त्याला तिवईवर बसवलं, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला आणि डोंगरातून आलेली सगळी माणसं पोट धरधरून हसली. जनतेच्या आनंदाला पारावार उरला नाही, असं अहवालात मीच लिहिलं.

हळूहळू लुकिंडो सुधारला. दर वर्षी राज्यारोहणाच्या दिवशी जुमा त्याला वंशावळ वाचून दाखवायचा. चौथ्या वर्षी त्यानं एका जागी जुमाला थांबवून सांगितलं, "गाढव पांढरं होतं." मी चमकून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मथुरा मात्र माझ्याइतकी शिकलेली नसल्यानं तिला डोंगरातली बोली वर्षाच्या आत येऊ लागली. तातू आठवड्यातून एकदा आमच्या मागच्या दाराशी केळी आणि पालेभाजी घेऊन यायची. मथुरा तिला बीबी म्हणायची, म्हणजे आजी. दोघी उंबऱ्यावर बसून तासन्‌तास बोलायच्या. तातू माझ्याशी कधी बोलली नाही. मी समोर आलो की माझ्या पोटाकडे बघायची आणि टोपली उचलायची.

सत्तेचाळीस साली, इकडे आपल्याला स्वातंत्र्य मिळत होतं त्याच सुमाराला, तिकडे घायपाताला सोन्याचा भाव आला. महायुद्धानंतर जगाला दोरखंड हवे होते. एका कंपनीला उलेंगेचं खोरं हवं होतं आणि लुकिंडोला मोटार हवी होती. खोरं सहाव्या राजानं जिंकलेलं, रयत तिथं राजाच्या मर्जीनं राहणारी, आणि मर्जी आता लुकिंडोची. त्यानं नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्यावर अंगठा उठवला.

मी त्याला गाठलं. "अरे, तुझी माणसं कुठं जातील?"

लुकिंडो माझ्याकडे दयेनं बघत म्हणाला, "ब्वाना करानी, आधी मी नाहीच म्हणत होतो. तुम्हीच इतकं लिहिलंत. मग मलाच आठवायला लागलं."

खोऱ्यातल्या लोकांनी अर्ज केला तेव्हा चौकशी करायला राजधानीतून एक मेजरसाहेब येणार असं ठरलं. चौकशीचा मुद्दा एकच. खोरं राजाचं की लोकांचं? आणि पुरावाही एकच. माझे अठ्ठावीस टंकलिखित कागद.

चौकशीच्या आठ दिवस आधी तातू दाराशी आली. या खेपेला टोपली रिकामी होती.

"अहो, जरा बाहेर या," मथुरानं हाक मारली. "बीबीला तुमच्याशी बोलायचंय."

तातू नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलली आणि मथुरा मराठीत सांगत गेली.

"ती म्हणते, राजे तुम्ही केलेत. चौदा केलेत. तक्रार नाही. आता त्यांतल्या सहाव्याला एक बहीण द्या."

"बहीण?"

"सहाव्या राजानं खोरं बहिणीला आंदण दिलं आणि तिच्या लेकीबाळींकडे ते कायमचं राहील, एवढं एक पान घाला म्हणते. खोऱ्यातल्या सगळ्या बाया तिच्याच वंशातल्या होतील, ते आम्ही बघू म्हणते. त्यांच्यात तसंही घर बाईचंच असतं."

प्रांतावरून मंजूर होऊन परत आलेली फाइल माझ्या कपाटात. कपाटाची किल्ली माझ्या कमरेला. टाइपरायटर तोच, कागद त्याच रिमातला शिल्लक होता. चहाच्या पाण्यात बुडवून वाळवला असता तर पंधरा मिनिटांत नऊ वर्षांचा झाला असता.

पण नेमकं त्याच सुमाराला मला सत्याचं वेड लागलं होतं. देश स्वतंत्र झाला होता, मी खादीची टोपी मागवली होती आणि संध्याकाळी भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत बसायचो. मी छाती पुढं काढून म्हणालो, "तिला सांग, खोट्याला खोट्याचं ठिगळ मी लावणार नाही. मेजरसाहेबांसमोर उभा राहीन आणि सगळं कबूल करीन. नोकरी गेली तरी बेहत्तर."

मथुरानं हे भाषांतर केलं नाही.

"खोटं लिहिलंत तेव्हा तुम्हाला कुणी अडवलं नाही," ती म्हणाली. "मग आता खरं बोलायचा एवढा कसला उमाळा? पान घाला मुकाट्यानं."

"अगं, पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही?"

"दोनशे चुली आहेत खोऱ्यात. तुमचं तत्त्व कितीजणांना जेवायला घालणार आहे?"

मी ऐकलं नाही. तातूनं आमच्या तोंडांकडे बघून काय ते ओळखलं. रिकामी टोपली उचलून ती निघून गेली.

*

चौकशीच्या दिवशी मी काळा कोट घातला. कचेरीच्या दिवाणखान्यात मेजरसाहेब, कंपनीचा वकील, लुकिंडो आणि दाराबाहेर खोऱ्यातली तीनशे माणसं. मी उठलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं की ही वंशावळ मी खोलीत बसून रचली, हिच्यातला एकही राजा जन्माला आलेला नाही, आणि होईल ती शिक्षा भोगायला मी तयार आहे.

मेजरसाहेबांनी चष्मा पुसला.

"टिपणीस, तू डोंगरात किती दिवस होतास?"

"एकही दिवस नाही, साहेब."

"मग पाचव्या राजाच्या कोटाची लांबी-रुंदी इथं फुटांत दिली आहे, ती कुठून आली?"

"ती आमच्याकडच्या एका किल्ल्याची आहे."

"आणि सेनापतीला दमा होता, म्हणून तो चढावर लढाई टाळत असे. हे कुणाला सुचणार?"

"साहेब, ते आमच्या शेजारचे बापूकाका—"

मेजर हसले. वकील हसला. पेम्बर्टन साहेबांनी लाजून खाली पाहिलं.

"हे बघ," मेजर समजुतीनं म्हणाले, "मी तीस वर्षं या देशात काढली आहेत. खोटं कागदपत्र मी वासावरून ओळखतो. ते नेहमी मोघम असतं. कारकुनाला इतकं सुचत असतं, तर तो कारकून झाला नसता. एवढा मोठा दस्तऐवज मीच निर्माण केला, असं म्हणायचा मोह तुला झाला, ते मी समजू शकतो."

मग त्यांनी लुकिंडोला उभं केलं. लुकिंडोनं कागदाला हात न लावता चौदा पिढ्या घडाघडा म्हटल्या. भावाचे डोळे काढण्याचं प्रकरण आलं तेव्हा त्यानं स्वतःचे डोळे पुसले. सेनापतीचा दमा त्यानं खोकून दाखवला. शेवटी मेजरांनी निकालात लिहिलं ते मला अजून पाठ आहे. 'तोंडी परंपरा लेखी पुराव्याशी तंतोतंत जुळते, यापरते सत्यतेचे प्रमाण दुसरे कोणते?'

त्याआधी त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. राजानं कधी कुणाला हे खोरं दान केल्याचा काही उल्लेख आहे का? असल्यास पट्टा रद्द करणं त्यांना भाग पडलं असतं. अठ्ठावीस पानं त्यांनी स्वतः दोनदा उलटून पाहिली. असा उल्लेख नव्हता.

मला शिक्षा झाली नाही. अतिश्रमानं डोकं थकलं आहे, असं म्हणून समुद्रकाठी तीन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. मी परत आलो तेव्हा उलेंगेत एकही घर उभं नव्हतं. केळीचे गड्डे खणून काढले होते आणि जळकी वर्तुळं तेवढी राहिली होती, घर होतं तिथं एकेक. माणसं पलीकडच्या कोरड्या उतरणीवर नेऊन सोडली होती. पहिल्याच उन्हाळ्यात तिथं सतरा पोरं दगावली. मथुरा माझ्याशी दोन महिने बोलली नाही, आणि ती बोलायला लागली तेव्हाही जुनी मथुरा परत आली नाही. मला माझी लाज वाटत होती. पण तेव्हासुद्धा मनाच्या एका कोपऱ्यात मी स्वतःला सांगत होतो, की मी तरी खरं बोललो.

*

एकसष्ट साली टांगानिका स्वतंत्र झाला. नव्या झेंड्याला सलाम करताना मी मनापासून रडलो. मला वाटलं, आता सगळं उलगडेल. नवे जिल्हाधिकारी तरुण, हुशार, तिथलेच. मी त्यांच्यासमोर फाइल ठेवून सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि उठून माझा हात हातात घेतला.

"साहेब लोक म्हणायचे, आम्हाला इतिहासच नाही. आणि तुम्ही, एका परक्या कारकुनानं, त्यांच्या नाकावर टिच्चून आमचे चौदा राजे जपून ठेवलेत! हे मुलांच्या पुस्तकात जायला हवं."

"पण साहेब, हे खोटं आहे."

"तुमचा विनय," ते म्हणाले.

"आणि उलेंगेचं खोरं?"

ते गंभीर झाले. घायपातावर देशाचं परकीय चलन अवलंबून होतं. खोऱ्याचा विचार योग्य वेळी होणार होता. त्रेसष्ट साली सरकारनं देशातली राजेपदं रद्द केली. राजेपद गेलं, लुकिंडो गेला नाही. तो पक्षाचा जिल्हाध्यक्ष झाला आणि त्याच मोटारीवर नवा झेंडा लावून फिरू लागला.

मी निवृत्त झालो. बोटीची तिकिटं निघाली. निघायच्या आधल्या आठवड्यात जुमा निरोप घेऊन आला. तोही आता म्हातारा झाला होता.

"ब्वाना करानी, वामेरांनी तुम्हाला उंबराखाली बोलावलंय."

"निरोप समारंभ?" मी म्हणालो. मी काळा कोट घातला. मथुरा म्हणाली, "मी येत नाही. तुम्हाला बोलावलंय."

उंबर तोच. पंचवीस वर्षांपूर्वी होती तशीच माणसं गवतावर बसलेली. आणि मधोमध ती तिवई, एकटीच. सर्वांत म्हाताऱ्या गृहस्थानं मला तिच्याकडे हात केला. माझे डोळे भरून आले. ज्या आसनावर राजासुद्धा बसायला धजला नाही, ते मला! आपल्याकडच्या रीतीप्रमाणे मी दोनदा नको नको म्हटलं. तिसऱ्यांदा कोटाची बटणं सोडून बसलो. गुडघे हनुवटीला लागले. मी तसाच आभाराचं भाषण सुरू केलं.

कुणी हसलं नाही. गर्दीतून तातू उठली. काठी टेकत आली आणि बरोबर त्याच जागी उभी राहिली, जिथं मी तिला पहिल्यांदा पाहिलं होतं.

"ती काय म्हणते?" मी जुमाला विचारलं.

जुमा माझ्या शेजारी खाली बसला. "म्हणते, बकरीपासून सुरुवात करू. तुम्ही खाल्लीत का?"

"कुठली बकरी?"

"ब्वाना करानी," जुमा जमिनीकडे बघत म्हणाला, "यांच्यात सगळे गवतावर बसतात. या तिवईवर फक्त एकच माणूस बसतो. ज्याच्यावर आरोप असतो तो. त्या दिवशी लुकिंडोनं तिची बकरी चोरली होती. खटला चालला होता."

"तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"मग बोलला का नाहीस?"

"साहेबांना 'हो' म्हणण्यासाठी मला ठेवलं होतं. 'नाही'साठी दुसरा माणूस ठेवायला हवा होता." मग म्हणाला, "यांना आधी वाटलं, सरकार चोराला पकडून नेतंय. म्हणून गप्प बसले. तो टोपी घालून परत आला तेव्हा उशीर झाला होता."

मी उठायला गेलो. म्हाताऱ्यानं हात वर केला. बसलेला माणूस मधेच उठत नाही.

तातू बोलत राहिली. आवाज चढला नव्हता. जुमा सांगत होता.

"ती म्हणते, तू खोटं लिहिलंस. तो आरोप नाही. सरकारात सगळेच खोटं लिहितात, त्यासाठीच कागद असतो. आरोप दुसरा आहे. ते खोटं तुला स्वतःसाठी हवं होतं, तेव्हा तुला अठ्ठावीस पानं सापडली. आम्हाला एक पान हवं होतं, तेव्हा तू चांगला माणूस झालास. आमची घरं देऊन तू चांगला माणूस झालास. त्या घरांतला माझा नातू तिकडच्या उतरणीवर गेला. ते चांगलेपण तुझ्याकडे आहे अजून. त्याच्या बदल्यात तू आम्हाला काय परत देशील?"

त्यांच्यात रीत अशी, की काय परत देणार ते तिवईवरच्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. फिर्यादीला पटलं की ती तिवई उलटी करते. मग खटला संपला. कैद नाही, फटके नाहीत.

मी काय देणार होतो? ऊन उंबरावरून उतरून माझ्या पायांशी आलं. एकदा मी म्हणालो, "मी खरं बोललो होतो." ते जुमानं सांगितलंसुद्धा नाही. शेवटी मी म्हणालो, "माझ्याकडे काही नाही."

तातूनं मान हलवली. ती म्हाताऱ्या माणसांशी काही बोलली आणि सगळे उठून कपडे झटकू लागले.

"झालं?" मी विचारलं.

"पहिल्या तारखेपासून अशा बैठका बंद करायचा हुकूम आहे," जुमा म्हणाला. "खटले कोर्टात चालणार. ती म्हणते, तिवई आता आम्हाला लागणार नाही. नव्या राज्यात आरोपी खुर्चीवर बसतात. ही तू घेऊन जा."

"पण तिनं ती उलटी केली नाही."

"नाही," जुमा म्हणाला.

*

ठाण्याच्या आमच्या घरात ती तिवई खिडकीपाशी असते. येणारे-जाणारे तिचं कौतुक करतात. मागच्या निवडणुकीत एक नगरसेवक मतं मागायला आले. हॉलमध्ये सोफा होता, तीन खुर्च्या होत्या. ते सरळ जाऊन तिवईवर बसले. मी त्यांना अडवलं नाही. ते वॉर्डातल्या विकासाबद्दल पाऊण तास बोलले आणि मी मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

मथुरा तिच्यावर कधी बसली नाही. तिच्याशी माझा संसार पुढं एकवीस वर्षं झाला, चांगला झाला असं लोक म्हणतात. ती जाऊन सात वर्षं झाली. फरशी पुसणारी बाई सगळी स्टुलं उलटी करून टेबलावर ठेवते. पहिल्या दिवशी तिनं तिवईला हात घातला तेव्हा मथुरा स्वयंपाकघरातून धावत आली होती. "ती नाही उलटी करायची," ती म्हणाली. "ती आमची नाही."

तातू आता नसणार. असती तर शंभरीच्या घरात असती. हे सगळं मी तिवईवर बसून लिहितो आहे, आठ दिवस झाले, अठ्ठावीस पानं झाली आहेत. गुडघे फार दुखतात. मघाशी बाई फरशी पुसायला आली आणि म्हणाली, "आजोबा, उठा जरा, खालचं पुसून घेते."

मी तिला म्हणालो, माझ्या भोवतीनं पुसून घे.